ओरखडा नसलेलं गार्ड

"हरीण कुठंय?" आर्विडनं विचारलं.

"गेलं पळून," जोलीन म्हणाली. "साधं सॉरीसुद्धा म्हणालं नाही."

एरवी आर्विड हसला असता. त्यानं नुसतं वाकून पाहिलं. डावा दिवा फुटला होता आणि बॉनेट दुमडलं होतं, पण इंजिनला धक्का नव्हता. जोलीनची ही पिकअप मी नुकतीच माझ्या ओढगाडीवरून त्याच्या वेल्डिंगच्या शेडपुढे उतरवली होती. आदळलेल्या गाड्या ओढून आणायच्या, हा माझा धंदा. नोव्हेंबरात नर हरणं माजावर आली की आमच्या डकोटात मला जेवायलाही फुरसत नसते.

"दिवा आणि बॉनेट संध्याकाळपर्यंत होईल," आर्विड म्हणाला.

"आणि गार्ड? उद्या सकाळी सातला निघायचंय मला." जोलीन नर्स आहे. शेतांवर एकट्या राहणाऱ्या म्हाताऱ्यांच्या जखमा धुवायला, इन्सुलिन द्यायला रोज दीडशे मैल फिरते.

"पाइप संपलेत. तीन आठवडे लागतील." हरणाची धडक झेलायला गाडीच्या नाकापुढे लावायची जाड पाइपांची चौकट म्हणजे गार्ड, आणि ती आर्विडच बांधून देतो.

"तीन आठवड्यांत माज संपेल, आर्विड. मग काय सशांसाठी लावू?"

चूक माझी. माझीच नजर शेडच्या मागे गेली आणि माझ्यामागोमाग तिची. तिथे ताडपत्रीखाली मार्लिसची पिकअप उभी होती. मार्लिस म्हणजे आर्विडची बायको. जोलीनच्याच मॉडेलची गाडी आणि तिच्यावर आर्विडनं स्वतः बांधलेलं गार्ड.

"नाही हं," जोलीन घाईनं म्हणाली. "माझ्या मनातसुद्धा नव्हतं."

"लायल," आर्विड मला म्हणाला, "मोठा पाना घे."

पाच आठवड्यांपूर्वी ती गाडी मीच ओढून आणली होती. भर दुपारी, कोरड्या रस्त्यावर झालं ते. हरीण आडवं आलं, मार्लिसनं चाक फिरवलं आणि गाडी तीन कोलांट्या खाऊन मक्याच्या शेतात पडली. टप पार चेपला होता, मार्लिस जागीच गेली. गार्डवर मात्र एक ओरखडा नव्हता. मी ते पाहिलं आणि आर्विडच्या नजरेला पडू नये म्हणून ताडपत्री टाकली. काय उपयोग? त्यानं पहिल्याच दिवशी ती उचलून पाहिली होती.

तेव्हापासून तो असाच आहे. रडला नाही, चिडला नाही, कामाला खाडा केला नाही. मला त्याचा रागही यायचा. माणसानं निदान एखादी शिवी तरी द्यावी! गावानं आमच्या रीतीप्रमाणे त्याला बेक केलेल्या बटाट्या-मटणखिम्यानं भरलेली भांडी पोचवली. प्रत्येक भांड्याच्या बुडाला चिकटपट्टीवर मालकिणीचं नाव. ती रिकामी भांडी त्याच्या स्वयंपाकघरात थप्पी लावून पडली होती आणि माझी बायको रोज माझ्या कानाशी भुणभुण करत होती, "आपलं काचेचं भांडं तेवढं आण." कसं मागणार?

बोल्ट गंजले नव्हते, पटापट सुटले. गार्ड आम्ही दोघांनी उचलून आणलं. दिवा बसवून, बॉनेट ठोकून झाल्यावर ते जोलीनच्या गाडीला चढवलं. शेवटचा बोल्ट आवळला तसा जोलीननं आपणहून पाइपवर तळहात ठेवला.

ही आर्विडची पद्धत साऱ्या तालुक्याला ठाऊक आहे. गार्ड लावलं की गाडीवाल्यानं त्यावर हात ठेवायचा आणि आर्विडनं विचारायचं, हरीण आलं तर? उत्तर द्यायचं, सरळ. ब्रेक दाबायचा, चाक वळवायचं नाही, सरळ जायचं. मोठ्यानं म्हटल्याशिवाय किल्ली मिळत नाही. माझ्याकडूनही त्यानं वदवून घेतलंय, आणि मी तर अशा गाड्या रोज ओढतो. चर्चमध्ये पास्टरपुढेही माणसं इतकी मुकाट ऐकत नाहीत.

त्या दिवशी मात्र आर्विड पाना हातात धरून नुसता उभा राहिला.

"विचारा ना," जोलीन म्हणाली.

"मार्लिसला विचारलं नव्हतं," तो म्हणाला.

त्यानं पाना खाली ठेवला.

"हे लावलं तेव्हा ती कॉफी घेऊन आली होती. मी म्हटलं, हात ठेव. तर म्हणते, चल रे, तीस वर्षं खिडकीतून ऐकतेय, मला काय शिकवतोस? मी पण हसलो. किल्ली दिली तिला."

हे सगळं त्यानं बोल्टचं माप सांगावं तशा आवाजात सांगितलं. त्याच्या खांद्यावर हात ठेवायचंही मला सुचलं नाही, त्याचं आजही वाईट वाटतं.

जोलीननं हात काढला नव्हता. थंडीनं तिची बोटं लाल झाली होती.

"हरीण आलं तर?" शेवटी आर्विडनं विचारलं.

"सरळ."

"मोठ्यानं."

"सरळ!"

त्यानं किल्ली दिली.

बारा दिवसांनी दुपारी मी त्याच्या शेडमध्ये कॉफी पीत बसलो होतो, तेव्हा जोलीनची गाडी आली. स्वतःच्या चाकांवर आली. गार्डचा मधला पाइप बोटभर आत गेला होता आणि सांध्यात तपकिरी केस अडकले होते. दोन्ही दिवे शाबूत. ती उतरली.

"सरळ गेले," ती म्हणाली. "डोळे मिटले मी, पण सरळ गेले."

आर्विड गुडघ्यावर बसला. पोचा पडला होता तिथून त्यानं अंगठा फिरवला, एकदा, मग पुन्हा.

"हे ठोकून नीट कराल?" तिनं विचारलं.

"मजबूत आहे. राहू दे."

बादलीभर गरम पाणी आणून त्यानं ते केस धुऊन काढले. मग तो घरात गेला. बराच वेळ आतून नळाचा आवाज येत राहिला. बाहेर आला तेव्हा त्याच्या हातात एक घासलेलं भांडं होतं. त्यानं ते उलटं करून बुडाचं नाव वाचलं आणि जोलीनला दिलं.

"छान झालं होतं," तो म्हणाला. "मार्लिसलाही आवडलं असतं."

ती गेल्यावर मी हळूच विचारलं, "आणि आमचं काचेचं?"

"थांब," आर्विड म्हणाला, "ते अजून घासायचंय." आणि बाह्या वर सारत तो पुन्हा आत गेला.