मधली पिन

बाजारात मला सगळे डायरेक्ट म्हणतात. उमेदवारीच्या काळात कसलाही बिघाड आला की मी स्विच-बिच बाजूला ठेवायचो आणि वायर सरळ बॅटरीला जोडून गाडी चालू करून द्यायचो. पुढे काम शिकलो, स्वतःचं दुकान टाकलं, गाड्यांच्या वायरिंगमध्ये माझा हात धरणारं आसपास कुणी नाही अशी माझी पक्की समजूत झाली, पण नाव चिकटलं ते चिकटलंच. बोलणंही माझं तसंच आहे, असं बायको म्हणते. समोरच्याला काय वाटेल याचा फ्यूज माझ्यात मुळी बसवलेलाच नाही.

माझे सासरे जन्मभर जमिनीच्या मोजणीचं काम करत होते. दिवसाला दहा-बारा किलोमीटर चालणं म्हणजे त्यांना काहीच नव्हतं. दोन वर्षांपूर्वी त्यांना कंपवात जडला. हात थरथरायचे ते एक वेळ चाललं, पण पाय अडकायला लागले. चालता चालता मध्येच उभे राहायचे. मनात चालायचं असायचं, पाऊल मात्र जमिनीला खिळलेलं. व्यायाम शिकवणाऱ्या बाईंनी एक युक्ती सांगितली, ठेक्याचं गाणं लावा. आणि खरोखरच, ठेका सुरू झाला की बाबांचे पाय सुटायचे. रोज चाळीस मिनिटं चालले तर अजून कितीतरी वर्षं पायांवर राहतील, नाहीतर चाकाची खुर्ची, असं त्या बाईंनी स्वच्छ सांगून टाकलं.

आता चालायचं कुठे? घरासमोरचा रस्ता चढाचा, त्यावर वाहनांची रीघ. सासूबाईंनी जागा शोधली, बंद पडलेल्या एका गोदामामागचं सिमेंटचं सपाट पटांगण. सासूबाई म्हणजे खमक्या बाई. वीस वर्षं त्यांनी शाळेच्या मुलांची व्हॅन चालवली होती आणि अडुसष्टाव्या वर्षीही तीच व्हॅन त्या मागे न बघता, नुसत्या आरशावर, उलटी गल्लीत घालायच्या. पण मोबाईलचं गाणं उघड्यावर विरून जायचं, आणि कानात काही घालायला बाबा तयार नव्हते.

"जावईबापू, गाडीतनं मोठा आवाज येईल असं काही करता का?" त्यांनी विचारलं.

"आणा की व्हॅन," मी म्हटलं. "गोदामाच्या भिंती ठेका धरतील."

मागच्या सीटखाली मी अ‍ॅम्प्लिफायर बसवला. उघडावाघडा दिसू नये म्हणून त्याला प्लायची पेटी केली, वरून गालिचा चिकटवला. पेटीत अ‍ॅम्प तापणार, म्हणून आत दोन पंखे. अ‍ॅम्पला जागं करायला गाडीतल्या टेपमधून एक बारीक निळी वायर येते. तिचा जीव एवढासा. तिने नुसतं 'ऊठ' म्हणायचं, ओझं उचलायचं नाही. पंख्यांचा भार तिच्यावर टाकला तर टेपच जळायचा. अशा वेळी मध्ये रिले घालतात. निळ्या वायरने इशारा करायचा आणि रिलेने बॅटरीचा करंट पुढे सोडायचा. साहेबाने मान हलवायची आणि शिपायाने दार उघडायचं, असा तो कारभार असतो.

रिलेला पाच पिना. माझ्या डब्यात वर्षानुवर्षं जे रिले होते, त्यांची कडेची आणि मधली पिन एकदमच चालू व्हायची. कडेच्या पिनेवर अ‍ॅम्प, मधलीवर पंखे, काम फत्ते. त्या दिवशी डबा रिकामा होता, म्हणून नवा पुडा फोडला. पिनांशेजारी बारीक आकडे असतात. ते वाचायला मला चष्मा लागतो, आणि दुकानात चष्मा लावला की गिऱ्हाईक विचारतं, काय डायरेक्ट, म्हातारे झालात का. शिवाय वीस वर्षं माझी बोटं हेच करताहेत, आकडे काय वाचायचे? फ्यूज घातला आणि वाकून बघितलं. पंखे गरगर फिरत होते. पेटीचे स्क्रू आवळले, मग पुढे जाऊन टेप लावला, तर फळीवरचे डबे थरथरायला लागले. सासूबाई कानांवर हात ठेवून हसत होत्या. जावई असावा तर असा, असं त्या शेजारच्या पंक्चरवाल्याला म्हणाल्यासुद्धा, आणि मी ते ऐकू न आल्यासारखं केलं.

पहिल्याच सोमवारी फोन आला. शनिवार-रविवार गाडी उभी होती, आता बॅटरी पार उतरलीये.

"मागचा दिवा चालू राहिला असेल," मी म्हटलं.

"बंद केला होता हो."

"आई, बॅटरी काय आपोआप उतरते?"

चार्ज करून दिली. दोन दिवसांनी पुन्हा फोन, गाणं पंचवीस मिनिटांत बंद पडतं. मी सांगितलं, आवाज फार मोठा ठेवत असाल. त्या व्हॅन घेऊन दुकानात आल्या, मी टेप लावला, तर खणखणीत वाजला. मी काही बोललो नाही, पण माझं न बोलणंही बोलण्यासारखंच असतं. पुढच्या सोमवारी बॅटरी परत उतरली. त्याच्या पुढच्याही. एकदा त्या म्हणाल्या, "मी टेप बंद केला ना, की गाडी श्वास घ्यायला लागते."

"गाडी आहे आई, म्हैस नाही," मी म्हटलं. दुकानातले चार लोक हसले. त्याही हसल्या, पण जरा उशिरा.

मीटर लावून बघायला मला दहा मिनिटं लागली असती. परक्या गिऱ्हाइकाची गाडी असती तर आधी तेच केलं असतं. पण घरचं काम, त्यात माझ्या हातचं. त्यात खोट निघणार कशी? चोराच्या उलट्या बोंबा म्हणतात त्या अशा. तीन आठवडे मी सासूबाईंनाच गुन्हेगार ठरवत राहिलो.

तिसऱ्या सोमवारी मी जेवायला घरी गेलो, तर बायको ताट वाढून समोर बसून राहिली. ती अशी बसली की घास उतरत नाही.

"आई गाडी चालवणं सोडणार आहे," ती म्हणाली. "उद्या बाबांना शेवटचं फिरवून आणते, मग चावी तुझ्या नवऱ्याकडे देते, म्हणाली."

"का? बॅटरीपायी?"

"अहो, तिला वाटतंय तिचं डोकं चालेनासं झालंय. म्हणाली, दिवा बंद केल्याचं मला स्पष्ट आठवतं, तरी बॅटरी उतरते, म्हणजे माझं आठवणंच खोटं. उद्या ब्रेक दाबलाय असं मला नुसतं वाटलं तर?"

"आणि बाबा?"

"त्यांचं काय. घरात चार पावलं टाकतील. मग तीही नाही."

मी हात धुतले. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकान उघडलं नाही, सरळ पटांगणावर गेलो. तीन आठवड्यांत पहिल्यांदा.

व्हॅनचं मागचं दार उघडं होतं आणि ढोलकीचा ठेका सगळ्या पटांगणात पसरला होता. बाबा चालत होते. हळू, जरा पुढे वाकून, पण सलग, पावलामागून पाऊल. हातात काठीसुद्धा नव्हती. मी हे कधी बघितलंच नव्हतं. सासूबाई पुढच्या सीटवर बसल्या होत्या. मी शेजारी जाऊन बसलो. समोर एक शंभर पानी वही होती. तिच्यात रोजची तारीख घालून खाली लिहिलेलं, दिवा, दार, टेप, चावी. प्रत्येकापुढे बरोबरची खूण. गेल्या आठवड्यापासून दोन-दोन खुणा. दोनदा बघून यायच्या बिचाऱ्या.

"पुरावा ठेवते आहे," त्या माझ्याकडे न बघता म्हणाल्या. आवाज बसलेला होता. "पण बॅटरी काही वही वाचत नाही."

तेवढ्यात गाणं तुटलं. कडव्याच्या मध्येच, कुणी तोंडावर हात ठेवावा तसं. बाबा पटांगणाच्या ऐन मध्यावर होते. उजवं पाऊल टाच उचललेली, डावं जमिनीवर, आणि सगळा माणूस तिथेच थिजला. अंग पुढे जायला बघत होतं, पाय येत नव्हते. त्यांनी मान वळवून व्हॅनकडे पाहिलं, आणि मला बघून पटकन नजर खाली घातली. जन्मभर लोकांच्या जमिनी चालून मोजलेल्या माणसाला जावयासमोर असं उभं राहायची लाज वाटली होती.

सासूबाईंनी टेप बंद केला आणि त्या चालत सुटल्या. जवळ जाऊन टाळ्या वाजवत म्हणायला लागल्या, "एक, दोन. एक, दोन." किती वेळ. त्यांचा आवाज का बसला होता ते तेव्हा कळलं. रोज पंचविसाव्या मिनिटाला गाणं जायचं, आणि रोज त्या घसा फोडून त्यांना परत आणायच्या. मला मात्र फोनवर एवढंच सांगायच्या की गाणं बंद पडतं.

मी धावलो असतो, पण मागून आवाज आला. घुर्र, एकसारखा, बारीक. टेप बंद झाला होता आणि सीटखाली काहीतरी सुरू झालं होतं. मी मागे जाऊन पेटीवर हात ठेवला. तव्यासारखी तापली होती. आणि आत पंखे फिरत होते. आत्ता, सगळं बंद असताना.

मी पुढे वाकून टेप लावला, पंखे थांबले. बंद केला, पंखे सुरू. खिशातून चष्मा काढला, स्क्रू काढले, रिले ओढून पिना वाचल्या. कडेची सत्याऐंशी. मधली पण सत्याऐंशी, पण तिच्यापुढे एक इवलासा 'ए'. म्हणजे रिले झोपला की चालू, जागा झाला की बंद. या पुड्यातल्या रिलेची मधली पिन उलट्या चालीची होती. गाणं वाजत असताना पंखे थांबायचे, अ‍ॅम्प तापून स्वतःच गप्प बसायचा. गाडी उभी राहिली की पंखे अहोरात्र फिरून बॅटरी प्यायचे. रोजच्या फेरीत ती थोडी भरून निघायची, दोन दिवस उभी राहिली की संपायची. दोन्ही दुखणी एका वायरची, आणि ती वायर माझ्या हातची.

सासूबाई बाबांना घेऊन येत होत्या, अजून शंभर पावलं लांब. खरं सांगतो, तेवढ्या वेळात माझ्या मनात पाप आलं. वायर कडेच्या पिनेवर घालायची, पेटी बंद करायची आणि म्हणायचं, टर्मिनल ढिलं होतं, केलं घट्ट. कुणाला काय कळणार होतं? पण मग ती वही तशीच राहिली असती. बॅटरी सुधारली असती आणि सासूबाई जन्मभर स्वतःवर संशय घेत बसल्या असत्या.

त्या आल्या. बाबांना दाराशी टेकवून उभं केलं, आणि चावी माझ्यापुढे धरली.

"घ्या. आता माझ्याच्याने होत नाही."

"आई, दिवा कधीच चालू राहिला नव्हता," मी म्हटलं. "एकदासुद्धा नाही. चूक माझी आहे. मी वायर चुकीच्या पिनेवर लावली. आकडा वाचला नाही, चष्मा लावायची लाज वाटली म्हणून. तुम्ही म्हणत होतात ना गाडी श्वास घेते, ते पंखे होते. तुमचं ऐकलं असतं तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. तुमच्या डोक्याला काहीही झालेलं नाही."

मी टेप लावून दाखवला, बंद करून दाखवला, रिले हातात दिला. त्यांनी तो डोळ्यांजवळ नेऊन नीट पाहिला, अगदी तो 'ए'सुद्धा. मग खाली, व्हॅनच्या पायरीवर बसल्या आणि रडायला लागल्या. मला वाटलं, आता मला धू धू धुणार. धुतलंच पाहिजे होतं.

"तीन आठवडे," त्या म्हणाल्या. "झोपताना मी नातवंडांची नावं म्हणून बघत होते, आठवतात का म्हणून."

मी म्हटलं, "माफ करा," आणि हा शब्द माझ्या तोंडून इतक्या क्वचित निघतो की बाबांनीही मान वर करून पाहिलं.

त्यांनी पदराने डोळे पुसले. "जावई म्हणजे दहावा ग्रह म्हणतात ते उगाच नाही," त्या म्हणाल्या. "आता बघत काय बसलात? करा नीट. ह्यांची पंधरा मिनिटं राहिली आहेत."

चष्मा नाकावर ठेवून मी पंख्यांची वायर मधल्या पिनेवरून काढली आणि अ‍ॅम्पच्या सोबत कडेच्या पिनेवर जोडली. मधल्या पिनेला चिकटपट्टी गुंडाळली. पाच मिनिटांचं काम होतं.

शनिवार-रविवार गाडी उभी राहिली. सोमवारी सकाळी मी त्यांच्या दारात जाऊन उभा होतो, त्या वर चढल्या, चावी फिरवली, आणि इंजिन पहिल्या झटक्यात सुरू झालं. त्यांनी माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. आरशावर नजर ठेवून गाडी मागे घेतली, एका दमात, गल्लीच्या तोंडापर्यंत. मी मागे धावत जाऊन चढलो.

पटांगणावर मी पार पलीकडच्या टोकाला जाऊन उभा राहिलो. गाणी चालू होती. पंचवीस मिनिटं झाली. मी दर मिनिटाला घड्याळ बघत होतो. तीस झाली. पस्तीस. बाबा माझ्या दिशेने येत होते, पावलामागून पाऊल, आणि मग, माझ्यापासून दहा-बारा हातांवर, थांबले.

ठेका चालू होता आणि बाबा उभे होते. मी धावत जाऊन त्यांचा दंड धरला आणि म्हणायला लागलो, "एक, दोन. बाबा, एक, दोन."

"सोडा हो," ते म्हणाले. त्यांचा आवाज आता बारीक झालाय, कान द्यावा लागतो. कपाळावर घाम होता. "अडकलो नाही. दमलोय. वर्षभरात कुणी दमूच दिलं नाही मला."

तिकडून सासूबाईंनी आवाज आणखी वाढवला.