चार इंचांची रिंग

एकतीस वर्षं मुलींना शिवण शिकवलेल्या बाईला शिलाई मशीनच्याच दुकानात कुणी गंडवलं, हे ऐकून आधी कुणाचा विश्वास बसला नाही. पण झालं ते तसंच.

सगळे त्यांना शिवणबाई म्हणत. खरं नाव फक्त शाळेच्या पगारपत्रकावर होतं, आणि निवृत्तीनंतर ते तिथूनही गेलं. लग्न केलेलं नव्हतं. दादा आणि वहिनींच्या घरी मागची खोली त्यांची. त्या खोलीत एका ट्रंकेत सात जाडजूड वह्या होत्या आणि त्यांत त्यांनी स्वतः काढलेली नक्षी: वेली, पानं, पक्षी, वळणदार अक्षरं. हाताने भरायला आता डोळे साथ देईनात. तेव्हा घरी ठेवता येईल असं, परवडेल असं भरतकामाचं मशीन घ्यायचं आणि वह्यांतलं सगळं कापडावर उतरवायचं, एवढं एकच त्यांच्या मनात होतं. वहिनींनी खिडकीखालचं टेबलही रिकामं करून दिलं होतं.

बाजाराच्या रस्त्यावर मशीनचं मोठं दुकान होतं. मालकाला लोक पाठीमागे गोडबोल्या म्हणत. त्याच्या दुकानात भिंतीवर काचेच्या चौकटीत हंसांची जोडी भरून लावलेली होती. चांगली हातभर रुंद, पंखांत पांढऱ्याच्या चार छटा. शिवणबाई तिच्यासमोर उभ्याच राहिल्या.

"हे या घरगुती मशीनवर होतं?"

"यावरच तर केलंय! बटण दाबायचं आणि चहा प्यायचा," गोडबोल्या म्हणाला. "सॉफ्टवेअर सोबत देतो. तुमच्या वहीतलं चित्र त्यात टाका, मशीन टाके घालून देईल. तुमच्यासारख्या जाणकार बाईंना मी आणखी काय सांगणार?"

जाणकार म्हटल्यावर बाई विरघळल्या. पुढे कित्येक दिवस त्यांना त्याच गोष्टीची सगळ्यांत जास्त लाज वाटत राहिली.

मशीन घरी आलं, खोकं उघडलं, आणि आतून कापड ताणून धरायची रिंग निघाली ती चार इंचांची. त्यात हंसांची जोडी सोडा, एका हंसाची मानसुद्धा मावली नसती. सॉफ्टवेअर निघालं तीस दिवसांचं. पुढे वापरायचं तर त्याची किंमत मशीनपेक्षा जास्त. सात वह्यांतली नक्षी वह्यांतच राहिली.

बाई मशीन पिशवीत घालून परत दुकानात गेल्या. शनिवार होता, गिऱ्हाइकांची गर्दी होती. त्यांनी शांतपणे तक्रार सांगितली. गोडबोल्याने ती ऐकून घेतली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाला, "मशीनला काही झालेलं नाही, बाई. या वयात डोकंच कमी चालतं, त्याला मशीन काय करणार? त्यापेक्षा घरी बसून नातवंडं सांभाळा." मग आठवल्यासारखं करून म्हणाला, "अरे हो! तुम्हाला कुठली नातवंडं!"

दुकान हसलं. गल्ल्याशेजारी दोऱ्याची रिळं लावत त्याची बायको उभी होती, तीही हसली. ही बायको म्हणजे शाळेतली चिमणी. अंगाने एवढीशी आणि अखंड चिवचिव करणारी, म्हणून बाईंनीच तिला ते नाव ठेवलं होतं. तिला त्यांनी सुई धरायला शिकवलं होतं.

बाई पिशवी उचलून घरी आल्या. वहिनींनी दार उघडलं आणि चेहरा बघून विचारलं, "काय झालं, वन्सं?"

"काही नाही. त्याला मातीत घालायचाय."

"आधी चहा घ्या," वहिनी म्हणाल्या. "मग घालू."

बाईंनी डूख धरला तो असा. शाळेत त्या कधी कुणावर हात उगारत नसत, पण उसवायला लावत. टाका चुकला की पूर्ण शिवण उसवायची आणि पहिल्यापासून घालायची. आता गोडबोल्याचं दुकान त्या टाका-टाका उसवणार होत्या.

त्यासाठी त्यांनी अभ्यास सुरू केला. मशीनचं माहितीपुस्तक तीनदा वाचून काढलं. भाच्याच्या जुन्या कॉम्प्युटरवर दुपारच्या दुपार बसून निरनिराळी सॉफ्टवेअर उघडून पाहिली. चित्र टाक्यांत बदलायचं फुकट मिळणारं एक सॉफ्टवेअर त्यांना सापडलं. दिसायला ओबडधोबड, शिकायला किचकट, पण तीस दिवसांनी दार लावून घेणारं नव्हतं. टाके दाट घातले की कापड चुण्या का खातं, खाली कडक कागद का लावायचा, कोणतं मशीन कुठली फाइल वाचतं आणि कुठलीकडे ढुंकून बघत नाही, हे त्यांनी आठव्या वहीत लिहून काढलं. दोन महिन्यांत त्या विषयात त्यांचा हात धरणारं आसपास कुणी उरलं नाही.

मग एका शनिवारी त्या बाजारात गेल्या. गोडबोल्याच्या बरोबर समोर बटणं-झिपांचं दुकान होतं आणि त्याच्या पायरीशी एक बाक होता. बटणवाल्याचं आणि गोडबोल्याचं मालाची गाडी कुठे उभी करायची यावरून जुनं वाकडं होतं.

"इथे बसले तर चालेल?" बाईंनी विचारलं.

बटणवाल्याने समोर पाहिलं, बाईंकडे पाहिलं आणि आतून गादी आणून बाकावर टाकली.

पहिलं गिऱ्हाईक म्हणजे एक नवरा-बायको. हातात गोडबोल्याकडचं माहितीपत्रक, घरी जाऊन विचार करतो म्हणून निघालेले.

"भरतकामाचं मशीन का?" बाईंनी सहज विचारलं. "काय भरणार त्यावर?"

"बाळांच्या दुपट्यांवर नावं," बायको म्हणाली.

"फक्त नावं? मग चार इंचांची रिंग पुरे. सगळ्यांत साधं मशीन घ्या, आणि सॉफ्टवेअरला एक पैसाही देऊ नका. अक्षरं मशीनमध्येच असतात. त्याने तुम्हाला कुठलं दाखवलं?"

नवऱ्याने पत्रकावर बोट ठेवलं. सगळ्यांत महागडं.

"अस्सं," बाई म्हणाल्या. त्या एका शब्दाची चव त्यांच्या जिभेवर संध्याकाळपर्यंत राहिली.

दर शनिवारी त्या येऊन बसू लागल्या. विचारायच्या ते तीनच प्रश्न: काय भरणार, केवढं मोठं, नक्षी स्वतःची की तयार. कुणी पाठभर चित्र भरायचं म्हणालं की त्या सांगत, "मशीन नंतर बघा, आधी रिंग बाहेर काढायला लावा आणि तुमचं कापड तिच्यावर ठेवून बघा." जुनं मशीन घेणाऱ्याला सांगत, "आतापर्यंत किती टाके घातलेत तो आकडा पडद्यावर दिसतो, तो दाखवा म्हणावं. दाखवत नसेल तर उठा." त्या खोटं काही बोलत नव्हत्या, कुणाला नावं ठेवत नव्हत्या. त्यांच्या खऱ्या शब्दांनीच समोरच्या दुकानातला गोडबोल्या सोलून निघत होता, आणि ते बघताना त्यांना भारी बरं वाटत होतं.

गोडबोल्याने आधी चहा पाठवला. त्यांनी तो बटणवाल्याला दिला. मग तो स्वतः रस्ता ओलांडून आला. "बाई, झालं गेलं विसरा. वर थोडे पैसे घाला, मोठ्या रिंगचं मशीन देतो."

"या वयात आठवतंच कुठे काही, म्हणजे विसरणार काय?" बाई म्हणाल्या.

"पोलिसांत तक्रार करीन! माझं गिऱ्हाईक फोडताय तुम्ही!"

"करा की. काय लिहाल? म्हातारी रिंग मोजायला सांगते?"

बटणवाला इतका हसला की त्याच्या हातातला बटणांचा डबा सांडला.

अशात एका दुपारी वहिनी मागच्या खोलीत येऊन म्हणाल्या, "वन्सं, कुणीतरी आलंय. बसवू की हाकलू, तुम्हीच ठरवा."

दारात चिमणी उभी होती. बाईंच्या कपाळावरची शीर उडाली. ते दुकान, ते हसू, सगळं डोळ्यांपुढे आलं.

"बाई, मला मशीन घ्यायचंय," चिमणी खाली मान घालून म्हणाली. "कुठलं घेऊ?"

"तुझ्या घरात मशीनचं दुकान आहे."

"हात लावू देत नाहीत. म्हणतात, तुला काय कळतंय, बिघडवशील. मला स्वतःचं हवंय. घरून काम करीन. पैसे माझे मी साठवलेत." मग म्हणाली, "त्या दिवशी मी हसले. नसते हसले तर घरी गेल्यावर त्यांनी आठवडाभर छळलं असतं. पण हसले हे खरं."

बाईंच्या मनात आलं, हिला आत्ता एक भिकार मशीन सुचवावं. नाव, रंग, सगळं त्यांच्या डोळ्यांपुढे होतं. महिन्याभरात सुया मोडल्या असत्या, साठवलेले पैसे पाण्यात गेले असते आणि नवऱ्याने जन्मभर ऐकवलं असतं. शब्द ओठांवर आला होता. पण मग आपल्यात आणि गोडबोल्यात फरक काय राहिला? शिवाय हिच्या हातात चांगलं मशीन आलेलं बघून त्याला जे होईल, ते बघायची संधी त्या कशाला घालवतील?

"बस," त्या म्हणाल्या. "काय भरणार? केवढं मोठं?"

चिमणी बसली. बोलता बोलता तिची जुनी चिवचिव परत आली, आणि तिच्या तोंडून सहज निघून गेलं, "मोठं म्हणजे दुकानातल्या हंसांएवढं नको. ते तर कारखान्यातून करून आणलेत, बारा सुयांच्या मशीनवर."

बाईंच्या हातातली पेन्सिल थांबली. "काय म्हणालीस?"

"आमच्याकडच्या कुठल्याच मशीनवर ते होत नाही, बाई. मीच तर चौकटीत बसवलेत."

पुढच्या शनिवारी शिवणबाई बाकावर बसल्या नाहीत. सरळ दुकानात शिरल्या. सात-आठ गिऱ्हाइकं होती. हातात तीच पिशवी, तेच मशीन. त्यांनी ते काउंटरवर ठेवलं.

"तुम्ही म्हणालात, डोकं माझं चालत नाही, मशीन चालतं. चालवून दाखवा," त्या म्हणाल्या. आवाज वर्गातला, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. "हे हंस यावरच केलेत ना? एक पंख करा. मी चहा पिते."

"बाई, आत्ता गर्दी आहे."

"गर्दीतच करा. सगळे बघतील."

एक तरुण मुलगी पुढे झाली. तिने चौकटीला हाताची वीत लावली, मग रिंगला लावली. "यात मावणार कसं?"

"तुकड्या-तुकड्यांनी करतात," गोडबोल्या म्हणाला. त्याच्या कपाळावर घाम आला होता. "त्याला जरा कौशल्य लागतं. विचारा हिला," म्हणून त्याने बायकोकडे हात केला. "हिच्यासमोर केलंय. सांग गं."

बाईंनी हे ठरवलेलं नव्हतं. चिमणीला त्यांनी काही बोलायला सांगितलंही नव्हतं. चिमणीने हातातलं रीळ खाली ठेवलं, नवऱ्याकडे पाहिलं आणि म्हणाली, "हे कारखान्यातून आणलंय. या मशीनवर झालेलं नाही."

दुकानात कुणी हसलं नाही. तीच मुलगी सगळ्यांत आधी बाहेर पडली, तिच्यामागे बाकीचे. एक जण मात्र जाईना. त्याने मागच्याच महिन्यात मशीन नेलं होतं आणि त्याला त्याचे पैसे आत्ता, इथेच परत हवे होते. बाई म्हणाल्या, "यांच्यानंतर माझा नंबर."

पैसे मिळाले. बाईंनी शहराच्या दुसऱ्या टोकाला जाऊन, टाक्यांचा आकडा बघून, मोठ्या रिंगचं एक जुनं पण निगुतीने वापरलेलं मशीन घेतलं. चिमणीनेही आपल्या पैशातून स्वतःचं घेतलं. घरी ठेवायची सोय नव्हती, म्हणून तेही बाईंच्याच टेबलावर आलं. दुकानाच्या गल्ल्याशी उभं राहणं तिने सोडलं. रोज सकाळी ती मागच्या खोलीत यायची आणि वह्यांतली पानं एकेक करून कापडावर उतरायला लागली. एका अतिथीगृहाने उशांच्या साठ अभ्र्यांवर वेलीची नक्षी मागितली.

सूड उगवला की मन रितं होतं, असं वहिनींनी कुठेतरी वाचलं होतं. त्यांनी विचारलं, "वन्सं, आता कसं वाटतंय?"

बाईंनी प्रामाणिकपणे विचार केला. "झकास वाटतंय," त्या म्हणाल्या.

दीड महिन्याने गोडबोल्या घरी आला. दुकानात दोन नोकर ठेवून झाले, दोघेही टिकले नव्हते. कुठलं रीळ कुठे, कुणाची दुरुस्ती कधी द्यायची, हे सगळं आजवर चिमणीच्या डोक्यात असायचं. तो मागच्या खोलीच्या दारात उभा राहिला. आत दोन मशीनं खडखडत होती.

"बाई, हिला जरा समजवा. दुकानात येऊ द्या."

बाईंनी मान वर केली नाही. "अठरा मिनिटांचं काम बाकी आहे. मध्ये थांबवलं तर टाका सरकतो."

खुर्ची रिकामी होती. ती कुणी पुढे केली नाही. वहिनी दारातून एकदा डोकावल्या, पाहुणा उभाच आहे हे नीट बघून घेतलं आणि पाणी न आणताच परत गेल्या. गोडबोल्या एका पायावरचा भार दुसऱ्या पायावर टाकत राहिला. वेलीला पानं फुटत गेली, मशीन थांबलं, चिमणीने हिरवा दोरा काढून पिवळा ओवला आणि मशीन पुन्हा सुरू केलं.

"अजून किती?" त्याने विचारलं. गोडवा पार आटला होता.

"आता फुलं," चिमणी म्हणाली. "फुलांना वेळ लागतो."