चौथं माणूस

सुट्टीच्या दिवशी सकाळीच अजिनाथनं लेकीची वही ओढली आणि ओट्यावर बसून घर हलवायचा खर्च मांडायला घेतला. संस्कृती चौथीत होती, अक्षर गोल होतं, म्हणून लिहायचं काम तिच्याकडं. सुकेशनी चुलीपुढून आठवेल तसं सांगत होती.

"डिपाझिट धा हजार. पहिलं भाडं साडेतीन. टेम्पोचे अडीच," अजिनाथ म्हणाला.

"आन् हिची शाळा धरा. गनवेश, पुस्तकं, तीन हजार जातील. पान्याचा ड्रम, पंखा, दीड."

"झाले साडेवीस. आपल्याजवळ बारा."

घर हलवणं भाग होतं. अजिनाथ वाळूजच्या एका कारखान्यात कंत्राटी कामाला. दौलताबादच्या पल्याडच्या या गावातून रोज गाडीवर जाणं-येणं. मागच्या महिन्यात रातपाळी करून येताना त्याचा डोळा लागला आणि गाडी थेट चारीत गेली. ढोपरावर निभावलं. त्याच दिवशी सुकेशनीनं सांगून टाकलं, आता हितं नाय ऱ्हायचं. मग पडेगावात जागा बघितली. तिथून कंपनीची बस मिळत होती.

घरमालक सांडूनाना भला माणूस. त्यांनी साडेतीन हजारांची एक खोली दाखवली, साडेपाच हजारांच्या दोनही दाखवल्या. "मानसं किती तुमी?" असं विचारलं, तेव्हा अजिनाथच्या तोंडून निघून गेलं, "तीन."

"पप्पा, आजीचं काय लिहू?" संस्कृतीनं विचारलं.

सुकेशनीचा हात पिठात तसाच थांबला. पलीकडं वाडग्यात त्याची आई म्हाळसाबाई मेंढरं मोकळी करत होती. हाळी देऊन एकेकीला नावानं बाहेर काढत होती.

"आजीला काय लागतंय," अजिनाथ म्हणाला. "तू बेरीज कर."

चार दिवसांनी म्हाळसाबाईनं त्याला वाडग्यामागं बोलावलं आणि पदरात बांधलेल्या नोटा त्याच्या हातावर ठेवल्या.

"सोळा हजार हायेत. कानी आन् भोरी दिल्या यापाऱ्याला."

"कामून इकल्या माय? मी करत होतो की कायतरी."

"तू कुठून करनार? आन् मला आता मेंढरं काय करायचीत तिकडं? ऱ्हायलेली नऊ फकिराला अर्धलीनं लावून दिली, निम्मी पिल्लं त्याची. तुझा चुलतभाऊ हाय, संबाळंल." मग तिनं विचारलं, "तिकडं चूल चालंल का रं, का गॅसवरच करावं लागंल?"

अजिनाथ म्हणाला, "गॅसच."

"शिकंन मी."

बारा आणि सोळा, अठ्ठावीस. दोन खोल्यांना डिपाझिट पंधरा, भाडं साडेपाच; सगळं मिळून साडेसत्तावीस होत होतं. त्यानं वही न बघताही हा हिशोब केला. पण महिन्याला दोन हजार जास्तीचे चौदा हजारांच्या पगारातून कुठून काढायचे, हाही केला. नोटा खिशात घातल्या आणि खोली एकच ठेवली. भाड्यात काही कमी होईल का, असा सांडूनानाला जाऊन एक शब्द विचारावा, तर तेवढीही हिंमत झाली नाही.

टेम्पो भरला त्या दिवशी म्हाळसाबाई दोन लुगडी आणि घोंगडीचं गाठोडं घेऊन उंबऱ्यात बसली होती. अजिनाथ दोर आवळत तिच्याकडं पाठ करून म्हणाला, "आदी आमी घर लावतो, माय. मंग तुला न्यायला येतो."

"व्हय, तसंच करा. पसाऱ्यात मी कशाला."

सुकेशनीनं नवऱ्याकडं एकदा बघितलं.

पोरीचा गणवेश गुलमंडीतून आणला. पंखा लागला. फकिराचा दर दोन-तीन दिवसांनी फोन यायचा, म्हातारी इचारती, कव्हा येतूस. अजिनाथ म्हणायचा, पाळी बदलली की. असे बावीस दिवस गेले.

एका सकाळी नळावर सांडूनाना भेटले. "तुझी माय गावाकडंच हाय म्हनं. पोरगी सांगत होती."

"व्हय. जागा न्हाई ना नाना."

"आरं, मला म्हनायचं. माझी आई गेल्यापासून मागची खोली बंदच हाय. म्हाताऱ्या मानसाचं काय भाडं घ्यायचं? घेऊन ये."

अजिनाथ सुट्टीची वाट न बघता कामावर दांडी मारून गावाकडं निघाला. कित्येक दिवसांनी छातीवरचा दगड उतरला होता. म्हाळसाबाई उंबऱ्यातच बसलेली, गाठोडं मागं भिंतीला टेकवलेलं. त्यानं एका दमात सगळं सांगितलं.

तिनं ऐकून घेतलं. "नानानं हे कव्हा सांगितलं?"

"आजच सकाळी."

"मंग त्याच्या आदी मी कुठं ऱ्हानार होते?"

पायाशी शेणाचा पो वाळत पडला होता, त्याकडं अजिनाथ बघत राहिला.

"म्हंजी खोली फुकट मिळाली तव्हा माय आठवली," ती म्हणाली. आवाज चढला नव्हता. "नाय येत मी. फकिराला सांगते, मेंढरं माघारी सोड. आन् माह्या दोन मेंढ्यांचे पैसे तेवढे आनून दे. एकदम नको. जमंल तसे दे."

"माय, चुकलं माझं."

"व्हय, चुकलं," ती म्हणाली आणि गाठोडं उचलून आत गेली.

पुढच्या पगाराला तो दोन हजार घेऊन आला. सुकेशनीनं डब्यात वांग्याची भाजी दिली होती. लग्नाआधी सात वर्षं त्यानं अख्खा पगार आईच्या हातात दिला होता. तिनं तो कधी मोजला नव्हता, तसाच उतरंडीच्या गाडग्यात सरकवायची. आज मात्र तिनं अंगठ्याला थुंकी लावली आणि त्याच्यासमोर एकेक नोट वेगळी केली. एक चिकटलेली वाटली, म्हणून पुन्हा पहिल्यापासून मोजल्या.

"चौदा ऱ्हायले," ती म्हणाली. मग चुलीकडं वळली. "बस. भाकर खाऊन जा."

अजिनाथ बसला. तिनं भाकर वाढली, वर मिरचीचा ठेचा घातला आणि मेंढरांमागं निघून गेली. त्याला भूक नव्हती, तरी त्यानं शेवटच्या तुकड्यापर्यंत खाल्लं.