खामसिंग वैदूचा दोरा

विहाराच्या मंडपात म्हाताऱ्यांची रीघ लागली होती. खामसिंग वैदूच्या पुढ्यात मोबाइल होता. चाचणी दवाखान्यातलीच: पडद्यावरच्या दोन ठिपक्यांवर आळीपाळीनं बोटं आपटायची. डोकं थकू लागलं की कधीकधी बोटंही मंदावतात, म्हणून नर्सबाई ती दर महिन्याला घ्यायच्या. वैदू एकदा चाचणी घेई, मनगटात पांढरा दोरा बांधी, पुन्हा चाचणी घेई. बोटं किती वेळा आपटली त्याचा आकडा हटकून वाढलेला.

"दवाखाना नुसतं मोजतो," तो म्हणे. "भटकलेला प्राण घरी आणतो तो दोरा."

त्या दिवशी ओराथाईची आई बुआफान हिचाही आकडा वाढला.

"बुआफान, आता नवरा शोध," थोंगदी आजोबा म्हणाले.

"शोधीन. तुझ्यापेक्षा चार दात जास्त असलेला."

घरी दोघींनी भाजलेला मासा आणि चिकट भात खाल्ला. आता दवाखाना बंद, सोबतीला ठेवलेली बाईही नको, असं आईनं बजावलं. ओराथाई शहरातल्या आपल्या शाळेत शिकवायला परतली. मग एका पहाटे भिक्खूंना भात वाढायला गेलेली आई परतताना घर चुकली. ती कालव्यात सापडली.

गावी परतलेल्या ओराथाईला एकट्यापुरता भात वाफवायला बांबूची टोपली फार मोठी होती. उरलेला भात ती कोंबड्यांना टाकी.

वैदू पुन्हा आला, तेव्हा ती मागे जाऊन बसली. दोरा बांधताना सगळे दोऱ्याकडेच बघतात, लहानपणापासूनची सवय. ती या वेळी हातांकडे बघत होती. आधी वैदू प्राण चाचपायला उजवा तळवा धरून ठेवी, म्हणजे बोटं आपटायची ती डाव्या हाताची. मग डाव्या मनगटात दोरा बांधून तो हात कपाळाशी धरायला लावी. मोकळा राही तो उजवा.

ती उठली. थोंगदी आजोबांना म्हणाली, दोरा राहू दे, पण आता डाव्यानं करा. आकडा खाली आला. दोरा सोडून उजव्यानं करायला लावलं. आकडा वर गेला.

"पोरी, दुःखानं तुझाच प्राण भटकलाय," वैदू म्हणाला.

आजोबा आपल्या बोटांकडे बघत राहिले. "म्हणजे मी बरा नाही झालो?"

"ते एका दिवसात कळत नाही, आजोबा. दर वेळी त्याच हातानं, महिनोन्‌महिने मोजायचं. घसरलं तर डॉक्टरकडे जायचं."

मागून कुणीतरी म्हणालं, बुआफान तर ठणठणीत होती, कालव्यातल्या भुतानं ओढलं तिला. अंत्यविधीलाही सगळे हेच म्हणाले होते, आणि ओराथाईनं होकारार्थी मान हलवली होती.

"नाही," ती म्हणाली. "माझ्या आईला विसरायला होत होतं. तो आजार होता. मला दिसत होतं."