माझ्या पायातला तांबडा दोरा

मी बोलतोय, समुद्रदेवाच्या देवळापुढचा दगडी कुत्रा. जोडीतला तोंड मिटलेला. समोरचा जोडीदार जन्मभर आ वासून बसलाय, म्हणून सगळ्यांना वाटायचं, बोलला तर तोच बोलेल. तो गप्पच आहे. जीव जळतोय तो माझा.

मच्छीमारांनी मला होडीतून या बेटावर आणलं आणि वाजतगाजत चढण चढवली. तेव्हा सणाला इथे पाय ठेवायला जागा नसायची. बायका माझ्या पुढच्या पायांना तांबडा दोरा बांधायच्या. कुत्र्याचे पाय बांधले की दर्यावर गेलेला माणूस परततो, ही इथली समजूत. परतला की दोरा सोडायचा आणि मला तांदळाची दारू पाजायची. नाही परतला, तर शिव्या मलाच!

त्यांतल्याच हात्सुएने नवऱ्यासाठी दोरा बांधला. तो लढाईवरून आलाच नाही. तिने मला थोबाडीत मारली. "मेल्या, फुकटचा बसून खातोस!" खात काय होतो मी? शेवाळ!

पुढे मासे आटले, शाळा बंद पडली, पोरं कारखान्यांत गेली. तिचा मुलगा तेत्सुओही गेला. हात्सुएने पुन्हा दोरा बांधला. "हा तरी आण रे बाबा," म्हणाली. बाकीच्या बायका एकेक करून बेट सोडून गेल्या. ती मात्र रोज देऊळ झाडायची, दोरा कुजला की नवा बांधायची.

परवा तेत्सुओ आला. वाटलं, जिंकलो! पण बरोबर पुजारी होता. बेट ओस पडलं म्हणून पुजाऱ्याने देव पांढऱ्या कापडात गुंडाळून होडीत नेला.

"चल आई. देवसुद्धा चालला, तू कुणासाठी बसतेस?"

"आणि हे कुत्रे?"

"दगड आहेत गं ते. होडी बुडवायचीय का?"

वा रे वा! देव राखला आम्ही, आणि शेवटी ओझंही आम्हीच.

हात्सुए माझ्यापाशी वाकली. गाठ सुटेना, तेव्हा तिने दोरा दातांनी तोडला. "आणलंस रे त्याला," ती म्हणाली. "पण असा?" डोळे पुसत ती मुलामागून उतरली.

या बाजूला कधी आलात, तर माझ्या पायाला एक तांबडा दोरा बांधा, हात्सुएच्या नावाने. खरं तर मागे राहिलेल्यानेच तो बांधायचा असतो. मागे राहिलोय मी, आणि मला हात नाहीत.