भुवईवरचा अंगठा

त्याला जन्मापासून दिसत नव्हतं, पण त्यावाचून त्याचं फारसं कुठे अडत नसे. हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर तो बसायचा आणि नुसत्या 'हॅलो'वरून डॉक्टरांचा मूड सांगायचा. वडील मात्र तो तान्हा असतानाच गेले. त्यांचा आवाजही त्याच्यापाशी नव्हता.

एका रविवारी चहा पिता पिता तो कसल्याशा विचारात पडला, तर आई एकदम म्हणाली, "अगदी ह्यांच्यासारखा! विचारात पडले की हेही अस्सेच अंगठ्याने भुवई उलटी घासत बसायचे. तू तर कधी बघितलं नाहीस त्यांना. रक्तातच असतं बाबा!"

त्याला आकाश ठेंगणं झालं. आठवडाभर त्याने हॉस्पिटलात भेटेल त्याला ते सांगितलं. डोळ्यांना चुकवून वडील थेट आपल्या हातात उतरले होते, याचं त्याला कोण अप्रूप!

पुढे आत्या राहायला आली. तिने ऐकलं आणि ती हसत सुटली.

"रक्तात? काहीतरीच! वहिनी, दादा गेला तेव्हा हा रडून घर डोक्यावर घ्यायचा. तुम्ही मांडीवर घेऊन ह्याची भुवई घासत बसायचात, दादासारखी उलटी. मगच गप्प व्हायचा. विसरलात?"

"मी?" आईला खरंच आठवेना.

त्याचा चेहरा उतरला. आई भांडी विसळायला आत गेली, तसा तोही मागोमाग गेला.

"म्हणजे बाबांचं माझ्याकडे काहीच नाही."

नळ बंद झाला.

"असं कसं? माझं डोकं दुखलं की ते माझीही भुवई अशीच घासायचे. मला शिकवायला नव्हते बसले काही. माझ्या हातात आलं कधी, मलाच कळलं नाही. आणि तुझ्या हातात गेलं कधी, तेही नाही."

तो ओट्याला टेकून उभा राहिला. रक्तातून आलं असतं तर कुणाला बोटही हलवावं लागलं नसतं. हे कुणीतरी कुणालातरी उराशी धरल्याशिवाय आलंच नसतं. हे तर रक्ताहून जास्तच झालं की!

"मग रक्तातून काहीच नाही आलं?" त्याने विचारलं.

"आलं ना, नाक. आत्याचं. त्याला आपला इलाज नाही."

"ऐकू येतंय हं मला!" बाहेरून आत्या ओरडली.