भिंतीला पऱ्हे आले

करडी गावातल्या लक्ष्मणरावांच्या अंगणात एक भिंत उभी होती आणि ती कशाचीच नव्हती. तिला मागे खोली नव्हती, वर छप्पर नव्हतं, दार-खिडकी तर नव्हतीच. येणारा-जाणारा थांबून विचारायचा, "लक्ष्मणराव, हे काय होय?"

"सुनेची परीक्षा," लक्ष्मणराव सांगायचे.

सून कामिनी शहापूरची. माहेरचं घर हायवेला लागून, वर सिमेंटचा स्लॅब. बी.एस्सी.चा सगळा अभ्यास तिने त्या स्लॅबखाली डोक्यावर ओला दुपट्टा घेऊन केला होता. लग्न होऊन करडीत आल्यावर ती गावातल्या पोरांना विज्ञान आणि गणित शिकवू लागली, ते अंगणातल्या टिनाच्या शेडात. ऊन चढलं की पोरं वहीने वारा घ्यायची. मग वही घरी विसरायची. मग स्वतःच यायची बंद व्हायची. म्हणून यंदा शिकवणीसाठी पक्की खोली बांधायचं ठरलं, तेव्हा कामिनी म्हणाली, "बाबा, मातीची बांधू."

लक्ष्मणरावांच्या हातातला चहा बशीतच राहिला. "लोक मातीचं पाडून सिमेंटचं बांधून राहिले, अन् तू उलटी चालली? माह्यं अर्धं लहानपण भिंती लिपण्यात गेलं बाई."

कामिनीने शांतपणे हिशेब मांडला. बोडीच्या तळ्यातला गाळ फुकट मिळतो. तणस, म्हणजे धानाचा पेंढा, घरचं. सिमेंट करायला कुठेतरी दगड भाजावा लागतो, भट्टीच्या विटांना जंगल लागतं. आपल्या विटा ऊनच वाळवून देईल. आणि दुपारची झळ हातभर जाडीच्या मातीतून आत पोचेपर्यंत रात्र होते.

"अन् रात्री पोरं आपापल्या घरी असतात," ती म्हणाली.

लक्ष्मणरावांनी चहा संपवला आणि अट घातली. एक भिंत बांधून दाखव. पटली तर बाकीच्या तीन तशाच. नाही पटली तर सिमेंटच्या विटा, आणि मग काही बोलायचं नाही.

कामिनी कामाला लागली. बोडीचा गाळ तिने काचेच्या बरणीत पाण्यात हलवून ठेवला, तळाशी रेती किती आणि वर चिकणमाती किती बसते ते पाहिलं. चिकण जास्त निघाली, तेव्हा त्यात मुरूम मिसळला. सेवकराम गवंडी हा प्रकार बघत बसायचा. "लोणचं घालून राहिली का काय, कामिनीबाई?" तो विचारायचा, पण विटा वाळल्यावर त्याने एक डोक्याइतक्या उंचीवरून जमिनीवर टाकली, ती फुटली नाही, तेव्हापासून त्याने लोणच्याचं नाव काढलं नाही. गाईच्या कोठ्यामागचं सोन्यासारखं तणस बारीक कापून कामिनीने विटांत घातलं होतं. विटा उन्हात खडखडीत वाळल्या आणि भिंत उभी राहिली. सरळ, गुळगुळीत, हात लावला की थंड.

मग एका सकाळी सासूबाई, शकुबाई, सडा टाकायला बाहेर गेल्या आणि तिथूनच ओरडल्या, "काय व कामिने, तुह्या भिंतीले केस आले."

भिंतीच्या एका कोपऱ्यात गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत हिरवी लव उगवली होती. लक्ष्मणराव वाकले, एक पातं ओढून निरखलं आणि कंबर सरळ केली.

"केस नाही. पऱ्हे होत. धानाची रोपं."

शेजारच्या बेबीबाई बकरीची दोरी धरून कुंपणापाशी आल्या. त्यांना असा तमाशा रोज मिळत नव्हता. "भाऊजी, रोवणा कधी करता? बायका मी आणतो. पण शिडी तुमची."

दुपारपर्यंत अर्धं गाव पाहून गेलं. कोणी विचारलं, भिंतीला युरिया किती टाकायचा. कोणी म्हटलं, वर छप्पर झालं की त्यावर लाखोळीचं पीक घ्या. कामिनीही हसली, पण तिचं सगळं लक्ष सासऱ्यांच्या फोनकडे होतं.

"सोमवारी ट्रॅक्टर पाठव," लक्ष्मणराव बोलत होते. "हो, सिमेंटच्याच. ज्याले पान फुटत नाही अशा."

धान भिंतीत शिरलं कसं, ते शकुबाईंनी शोधून काढलं. "कोणतं तणस घेतलं तू?"

"कोठ्यामागच्या ढिगातलं. तेच चांगलं दिसलं."

"ते गाभण गाईसाठी ठेवलं होतं मी. मळणीत पाऊस आला तं दाणा तसाच काडीले राहिला. म्हणून तं चांगलं दिसते." शकुबाईंनी भिंतीकडे हात केला. "म्हणूनच गाय काल ही भिंत चाटून राहिली होती."

कामिनीचा चेहरा पडला. कोणताही शेतकरी तणस हातात घेऊन आधी झटकून बघतो. तिने रंगावर विश्वास ठेवला होता. पण संध्याकाळी भिंतीसमोर बसल्या बसल्या तिला वेगळीच गोष्ट खटकू लागली. तणस सगळ्या विटांत एकाच ढिगातलं. म्हणजे दाणेही सगळ्या विटांत. मग पऱ्हे एकाच कोपऱ्यात का?

उरलेल्या विटांतल्या दोन तिने ओसरीत मांडल्या. एक भिजवून पोत्याखाली झाकली, दुसरी कोरडीच ठेवली.

"आता विटांले अंडे उबवाले बसवलं," लक्ष्मणराव म्हणाले.

रविवारी तिने पोतं उचललं. ओल्या विटेतून पांढरी टोकं डोकावत होती. कोरडी वीट जशीच्या तशी होती.

"बाबा, भिंत कोरडी राहिली असती तर दाणे झोपून राहिले असते. त्या कोपऱ्यात कुठून तरी पाणी येतंय."

"बेबीच्या मोरीचं असन," लक्ष्मणराव लगेच म्हणाले.

बेबीबाई कुंपणापलीकडे होत्याच. "माह्या मोरीचं पाणी माह्या केळीले जाते, भाऊजी. अन् माहा नळ तुमच्याच पाइपावरचा, त्याले धार तरी येते का धड? करंगळीएवढी. तुमची भिंत भिजवाले मी पाणी आणू कुठून?"

कामिनीने मान वळवली. एकीकडे ओला कोपरा, दुसरीकडे बारीक झालेली धार. "बाबा, आपल्या न्हाणीचा नळ कोणत्या बाजूने नेला आहे?"

लक्ष्मणरावांना एकाएकी गाईला पाणी पाजायचं आठवलं.

सेवकरामने कोपऱ्यातली माती उकरायला सुरुवात केली. तिथे अंगणाची माती जोत्याच्या वर चढली होती. थोडं खाली गेल्यावर ओली माती लागली, मग चिखल, मग पाइपाचा जोड. त्यावर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळलेली आणि वरून सुतळी आवळून बांधलेली. सुतळीखालून पाणी झिरपत होतं.

शकुबाई वाकल्या. "ही गाठ धानाच्या पोत्याची होय. या घरात अशी गाठ एकच माणूस मारते."

कोठ्याच्या दारात गाय पाणी पीत नव्हती आणि तिला पाजणारा माणूस बादली घेऊन उभा होता.

"तेवढ्यासाठी प्लंबर कायले बोलवा म्हटलं," लक्ष्मणराव म्हणाले. "चार वर्षं झाली. काही झालं का?"

"झालं ना," बेबीबाई म्हणाल्या. "माह्या नळाची करंगळी झाली."

कामिनीला हसू आवरत नव्हतं, तरी तिने आपल्या वाट्याचं आधी सांगून टाकलं. "माझंही चुकलं, बाबा. तणस झटकलं नाही आणि जोतं ठेंगणं घेतलं. खालचे थर काढून दगडी जोतं उंच करावं लागेल. पण इथे सिमेंटची भिंत असती तर पाणी प्लास्टरच्या आत मुरत बसलं असतं, आणि पोपडे निघेपर्यंत आपल्याला कळलंही नसतं. हिने तर बोट दाखवून सांगितलं."

लक्ष्मणराव भिंतीजवळ आले. दुपार टळायला आली होती आणि टिनाच्या शेडातून अजून वाफा निघत होत्या. त्यांनी भिंतीच्या सावलीतल्या बाजूवर तळहात ठेवला. बराच वेळ ठेवला. मग दुसऱ्या हाताने फोन काढला.

"हो, मीच. उद्याचा तो ट्रॅक्टर राहू दे. नाही नाही, दुसऱ्याकडून घेत नाही. घरीच पिकून राहिल्या विटा."

संध्याकाळी शकुबाईंनी पऱ्हे हलक्या हाताने उपटून टोपलीत घेतले. आलेलं धान फेकवत नाही, बोडीकडच्या ओलीत लावून देतो, म्हणाल्या. एक मूठ तेवढी बेबीबाईंच्या बकरीने कुंपणातून आधीच नेली होती. पाइपाला नवा जोड बसला. सेवकराम दुसऱ्या भिंतीची दोरी बांधू लागला आणि कामिनी नवं तणस दगडावर आपटून झटकू लागली, एकेक पेंढी, दाणा राहू नये म्हणून.

लक्ष्मणराव तिच्यामागे येऊन उभे राहिले. थोडे खाकरले.

"न्हाणीच्या बाजूची जी भिंत आहे ना," ते म्हणाले, "तिच्या खालच्या थराचं तणस झटकू नको."